गिटच्या डॉक्युमेंटेशनमधल्या बारीक चुका: दुरुस्ती कशी आणि कुठे पाठवावी?

निळाई

गिट या व्हर्जन कंट्रोल प्रोग्रॅमची (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या) मॅन पेजेस, म्हणजे कमांडांची मदत-पानं, सध्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते आहे. एरवी आपण हवा तो ऑप्शन शोधतो, दोन ओळी वाचतो आणि पान बंद करतो. सलग वाचलं की हे लेखन किती काळजीनं केलंय ते जाणवतं, आणि मग राहून गेलेल्या बारीक चुकाही डोळ्यांत भरतात.

एका कमांडच्या पानावर तीन गोष्टी खटकल्या. कमांडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्या एका पानापुरतं उत्तर नको आहे, पद्धत समजून घ्यायची आहे.

एका वाक्यात इंग्रजीतला 'द' लागोपाठ दोनदा आलाय. दुसरं म्हणजे एका ऑप्शनच्या माहितीतला दुसरा परिच्छेद त्या ऑप्शनखाली न येता डावीकडे सरकलाय, त्यामुळे तो नेमका कशाबद्दल आहे तेच कळत नाही. आणि तिसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते. लिहिलंय असं की अमुक ऑप्शन दुसऱ्या एका ऑप्शनसोबत दिला तरच लागू होतो. करून पाहिलं, तर एकटा दिला तरी परिणाम होतो.

मला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही. लिहिणं-वाचणं आणि गिट रोज वापरणं एवढंच माझं भांडवल. हे कुठे पाठवायचं? एवढ्याशा बदलासाठी तिथल्या लोकांचा वेळ घेणं योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

दीपस्तंभ

चांगला प्रश्न. पाठवण्याआधी एक गोष्ट करा: ती चूक अजून आहे का ते बघा. तुम्ही वाचताय ते मॅन पेज तुमच्या मशीनवर जे गिट बसवलंय त्याच्याबरोबर आलंय. ते दोन-तीन वर्षं जुनं असू शकतं.

गिटचा मूळ रेपो (सगळ्या फाइली आणि त्यांचा इतिहास यांचा साठा) क्लोन करून, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घ्या. त्यात 'डॉक्युमेंटेशन' नावाचा फोल्डर आहे, सगळी मॅन पेजेस तिथून तयार होतात. फाइली साध्या मजकुराच्या, आस्कीडॉक पद्धतीच्या (साध्या चिन्हांनी मांडणी सांगणाऱ्या) आहेत. पूर्वी त्यांचं एक्स्टेन्शन टीएक्सटी होतं, २०२५ च्या सुरुवातीला सगळ्यांचं एडॉक झालं. जुने लेख वाचून शोधत असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर फाइल सापडणार नाही.

फक्त मास्टर ब्रँच (ब्रँच म्हणजे कामाची एक शाखा) पाहून थांबू नका. गिटमध्ये कामाच्या चार मुख्य ब्रँचेस असतात. मेंटवर शेवटच्या रिलीजच्या दुरुस्त्या, मास्टरवर पुढच्या रिलीजला जाणारं काम, नेक्स्टवर मास्टरमध्ये जाण्याआधीच्या टप्प्यातलं, आणि सीनवर मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या) नजरेखालून गेलेले पण अजून ठरायचे असलेले विषय. सीनचं नाव २०२० पर्यंत पीयू होतं. गिट ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडला ब्रँचचं नाव देता येतं, चेकआउट करायची गरज नाही. नेक्स्ट आणि सीन दोन्हींवर तुमचं वाक्य शोधा. तीच चूक कोणीतरी आधीच दुरुस्त केलेली असण्याची शक्यता बरीच असते.

प्रकल्पाची चर्चा जिथे मेलवर चालते त्या मेलिंग लिस्टचा संपूर्ण संग्रह लोअर डॉट कर्नल डॉट ऑर्गवर आहे, तिथेही शोधा. पानाचं नाव टाकलं तरी गेल्या काही महिन्यांत त्या पानाला कोणी हात लावलाय का ते दिसतं. सध्या मॅन पेजेसचा सिनॉप्सिस (सुरुवातीच्या वापर-ओळी) आणि ऑप्शन लिहिण्याची शैली पान-पान करून बदलली जात आहे. तुमचं पान त्या रांगेत असेल तर दोन बदल एकमेकांवर आदळतील.

वाटसरू

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

गिटच्या लिस्टवर येणारा प्रत्येक पॅच (मेलनं पाठवलेला बदल) कोणीतरी माणूस वाचतो. पॅच तपासणारी मंडळी मोजकी आहेत आणि त्यातली बरीचशी दुसरी नोकरी सांभाळून हे करतात. 'द' दोनदा आल्यानं कोणाचं काय अडलं? वाचणारा ते न कळत ओलांडून पुढे जातो. पण पॅच आला की तो उघडायचा, वाचायचा, उत्तर द्यायचं, मेंटेनरनं तो लावायचा, रिलीजपर्यंत न्यायचा. माझ्या मते पहिली चूक सोडून द्यावी. तिसरी खरी असेल तर ती जरूर पाठवावी.

सदाफुली

वाटसरू, तपासणाऱ्यांच्या वेळेची तुमची काळजी मला पटते, निष्कर्ष पटत नाही.

गूगल समर ऑफ कोडसाठी गिटकडे अर्ज करणाऱ्याला आधी एक छोटा बदल लिस्टवर पाठवून दाखवावा लागतो, त्याला मायक्रोप्रोजेक्ट म्हणतात. म्हणजे छोट्या बदलाची वाट प्रकल्पानं स्वतःच आखलेली आहे. छोटा पॅच नीट लिहिलेला असेल तर तपासायला मिनिटभर पुरतं. वेळ खातो तो अर्धवट पॅच: कमिट मेसेजमध्ये (नोंदवलेल्या बदलाला, म्हणजे कमिटला, जोडलेल्या टिपणात) कारण नाही, तीन विषय एकत्र कोंबलेले, पान तयार करून पाहिलेलंच नाही.

आणि 'बारीक' कशाला म्हणायचं हा प्रश्न आहेच. एक आकडा घ्या. हरवलेले कमिट परत मिळवायला आपण रिफ्लॉगवर, म्हणजे ब्रँच आधी कुठे कुठे होती याच्या गिटच्या नोंदवहीवर विसंबतो. डॉक्युमेंटेशन सांगतं की रिफ्लॉगच्या नोंदी मुळात ९० दिवस टिकतात, आणि ब्रँचच्या सध्याच्या टोकापासून जिथे पोचता येत नाही अशा कमिटच्या नोंदी ३० दिवस. कशालाच न जोडलेले सुटे ऑब्जेक्ट गिट जीसी ही साफसफाईची कमांड २ आठवड्यांनी काढून टाकतं. तीनही आकडे कॉन्फिगरेशननं बदलता येतात. आता समजा ३० च्या जागी कुठे ९० छापलं गेलं. बदल एका अंकाचा. पण चुकून रीसेट केलेलं काम "अजून दोन महिने आहेत" म्हणून कोणी निवांत ठेवलं, तर ते काम जाईल. मॅन पेज वाचणारा माणूस पुष्कळदा अडचणीत असतो, घाईत असतो, आणि जे लिहिलंय त्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला जागायचं तर आकडा, ऑप्शनचं नाव, 'नाही' हा शब्द सुटणं, हे सगळं सारख्याच काळजीनं बघावं लागतं. ती सवय 'द' पासून लागते.

रानपाखरू

मग एकदाच का करू नये? स्क्रिप्ट लिहून सगळ्या फाइलींतले दोनदा आलेले शब्द शोधायचे, ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगची सरमिसळ एकसारखी करायची, आणि एक मोठा पॅच. तपासणाऱ्यांनाही एकदाच त्रास.

दीपस्तंभ

रानपाखरू, नेमकं हेच करू नका असं गिटच्या 'कोडिंग गाइडलाइन्स' मध्ये लिहिलंय. त्यांचा कल अमेरिकन स्पेलिंगकडे आहे, पण केवळ स्पेलिंग सारखं करायला सगळीकडे हात घालणारा प्रचंड पॅच नको, असं त्यात स्पष्ट आहे. त्या परिच्छेदात दुसरं काही बदलत असाल तर जाता जाता स्पेलिंगही सुधारा, एवढीच अपेक्षा.

कारण व्यवहारी आहे. कुठल्याही क्षणी सीन आणि नेक्स्टवर बरेच विषय चालू असतात, त्यातले अनेक याच फाइलींना हात लावतात. तुमच्या मोठ्या पॅचनं त्यातल्या कितींशी कॉन्फ्लिक्ट होईल ते सांगता येत नाही, आणि ते सोडवायचं काम मेंटेनरच्या गळ्यात पडतं. शिवाय गिट ब्लेमवर (प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटनं बदलली ते दाखवणारी कमांड) त्या सगळ्या ओळींसमोर "स्पेलिंग बदललं" एवढंच दिसायला लागतं. ती ओळ मुळात का लिहिली हे शोधणाऱ्याला आणखी एक पायरी मागे जावं लागतं.

दोनदा आलेले शब्द शोधणारी स्क्रिप्ट मात्र उपयोगी आहे. फक्त सापडलेलं प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी वाचा. इंग्रजीत 'दॅट दॅट' किंवा 'हॅड हॅड' काही वाक्यांत बरोबर असतं.

निळाई

सगळ्यांचे आभार. रेपो क्लोन केला. पहिली चूक नेक्स्टवर आधीच दुरुस्त झालेली दिसली, म्हणजे तो विषय मिटला.

दुसरीत अडले आहे. पानावर दिसणारा तो परिच्छेद त्या कमांडच्या फाइलीत सापडतच नाही. फाइल नावावरून बरोबर वाटते, पण अर्धे ऑप्शन त्यात नाहीतच.

अर्धविराम

निळाई, ते ऑप्शन दुसऱ्या फाइलीत असणार. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण डॉक्युमेंटेशनमधल्या दुरुस्त्या फसतात त्या बहुधा याच जागी.

गिटच्या बऱ्याच कमांडना सारखे ऑप्शन असतात. लॉग, शो, डिफ या सगळ्यांना डिफचे (फरक दाखवण्याचे) ऑप्शन चालतात. ते प्रत्येक पानावर वेगळे लिहिलेले नाहीत. 'डिफ-ऑप्शन्स' नावाची एक फाइल आहे, ती प्रत्येक पानात इन्क्लूड होते. तसंच 'रेव्ह-लिस्ट-ऑप्शन्स'. कॉन्फिगरेशनची माहिती 'कॉन्फिग' या उपफोल्डरमध्ये गटागटानं आहे. तो मजकूर गिट कॉन्फिगच्या पानावर दिसतो आणि बऱ्याच कमांडांच्या पानांच्या शेवटीही. म्हणून शोधताना फाइलीचं नाव धरून जाऊ नका. वाक्यातले चार वेगळे वाटणारे शब्द घ्या आणि पूर्ण डॉक्युमेंटेशन फोल्डरवर गिट ग्रेप चालवा. वाक्य फाइलीत दोन ओळींत तुटलेलं असू शकतं, त्यामुळे लांब तुकडा देऊ नका.

सापडलं की लगेच बदलू नका. आजूबाजूला इफडेफ आणि एंडिफ अशा ओळी आहेत का बघा. त्यांच्यामधला मजकूर ठरावीक पानांवरच दिसतो. उदाहरणार्थ एखादा परिच्छेद गिट लॉगच्या पानावर येतो, गिट रेव्ह-लिस्टच्या पानावर येत नाही. तुमचा बदल एका पानावर सुंदर वाचला जाईल आणि दुसऱ्या पानावर अर्थहीन होईल, असं सहज होतं. "ही कमांड" असं लिहिलं असेल तर ती कोणती कमांड, हे प्रत्येक पानावर बदलतं.

आता तुमचा सरकलेला परिच्छेद. आस्कीडॉकमध्ये यादीतल्या एका नोंदीखाली दुसरा परिच्छेद हवा असेल तर दोन परिच्छेदांच्या मध्ये रिकामी ओळ नाही, एकट्या अधिक चिन्हाची ओळ लागते. ते चिन्ह राहून गेलं किंवा त्याच्या आसपास रिकामी ओळ आली की परिच्छेद नोंदीतून निसटतो. तुम्ही वर्णन करताय ते तंतोतंत हेच वाटतं. यादीच्या आत यादी असेल तर प्रकरण जास्त नाजूक: चिन्ह आहे, पण परिच्छेद आतल्या यादीला चिकटलाय की बाहेरच्या, हे नुसतं वाचून कळत नाही. अशा ठिकाणी उघडा ब्लॉक वापरतात, म्हणजे आधी आणि नंतर दोन डॅशची ओळ.

आणखी काही सापळे आहेत. महिरपी कंस आस्कीडॉकला स्वतःच्या व्हेरिएबलसाठी लागतात. गिटमध्ये अपस्ट्रीम (आपली ब्रँच जिच्याशी जोडलेली असते ती दुसरी ब्रँच) किंवा रिफ्लॉगचा उल्लेख करताना महिरपी कंस येतातच, तिथे फाइलीत विचित्र दिसणारं काही असेल तर ते चूक समजून "सुधारू" नका. दोन डॅश लागोपाठ आले तर त्याची लांब रेघ होऊ शकते, आणि ऑप्शनच्या नावात तसं झालं तर कॉपी करणाऱ्याची कमांड चालणार नाही. जे जसंच्या तसं टाइप करायचं ते बॅकटिकमध्ये. वाचणाऱ्यानं स्वतःचं काही भरायचं ते कोनी कंसात. ऐच्छिक ते चौकोनी कंसात. पुन्हा पुन्हा देता येतं ते तीन टिंबांनी. हे सगळं कोडिंग गाइडलाइन्सच्या शेवटच्या भागात आहे, डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यानं तो भाग एकदा शांतपणे वाचावाच. दुसऱ्या पानाचा दुवा द्यायचा तर साध्या लिंकऐवजी लिंकगिट नावाचा मॅक्रो आहे.

बदल केल्यावर पान तयार करून बघा. त्यासाठी आस्कीडॉक किंवा आस्कीडॉक्टर हे पान बनवणारं इंजिन बसवावं लागतं. गिट दोन्हींवर बनतं आणि दोघांचं वागणं कुठेकुठे वेगळं असतं. गिटच्या संकेतस्थळावरची पानं आस्कीडॉक्टरनं तयार होतात, तुमच्या मशीनवरचं मॅन पेज बहुधा दुसऱ्यानं झालेलं असू शकतं. परिच्छेद एकीकडे सरकलेला आणि दुसरीकडे जागेवर, असं दिसलं तर कारण तिथे शोधा.

डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्येच डॉक-डिफ नावाची स्क्रिप्ट आहे. तिला दोन कमिट दिले की ती दोन्हींची सगळी मॅन पेजेस तयार करते आणि तयार पानांमधला फरक दाखवते. दोन्ही इंजिनांसाठी ऑप्शन आहेत. पहिल्यांदा वेळ लागतो, कारण सगळंच बनवावं लागतं. पण तुमच्या एका अधिक चिन्हानं नेमकी कोणकोणती पानं बदलली हे तिच्याशिवाय खात्रीनं कळत नाही. मी डॉक-डिफशिवाय डॉक्युमेंटेशनचा एकही पॅच पाठवत नाही.

निळाई

अर्धविराम, अगदी बरोबर. अधिक चिन्हाच्या वर एक रिकामी ओळ होती. काढली, आणि डॉक-डिफमध्ये आणखी दोन कमांडांची पानंही सुधारलेली दिसली. म्हणजे तोच परिच्छेद तीन पानांवर भरकटलेला होता.

आता तिसरी. 'तरच लागू होतो' ऐवजी 'एकटा दिला तरी लागू होतो' असं लिहून पाठवलं तर चालेल का?

कोरा कागद

थांबा, तेवढ्यावर नको.

डॉक्युमेंटेशन एक सांगतं आणि प्रोग्रॅम दुसरं करतो, तेव्हा दोन शक्यता असतात. वाक्य चुकीचं आहे, किंवा प्रोग्रॅम चुकीचा आहे. तुम्ही वाक्य बदललंत आणि खरी चूक प्रोग्रॅमची निघाली, तर तुम्ही एका बगला अधिकृत वागणूक म्हणून नोंदवून टाकलं. नंतर तो बग दुरुस्त करू पाहणाऱ्याला लोक तुमचं वाक्य दाखवतील. टायपो आणि हे, दोन्ही बदल डिफमध्ये एका ओळीचेच दिसतात, पण काम पूर्ण वेगळं आहे.

शोधायला सी यावंच लागतं असं नाही. आपण व्हर्जन कंट्रोलबद्दलच बोलतोय, तेव्हा इतिहास हाताशी आहे. गिट लॉगला कॅपिटल एसचा ऑप्शन देऊन वाक्यातले दोन-तीन शब्द द्या. ते शब्द ज्या कमिटमध्ये आले किंवा गेले तेवढेच कमिट दिसतील. नुसतं ब्लेम केलं तर मधल्या एखाद्या शैलीबदलाच्या कमिटवर अडकाल. फाइलीचं एक्स्टेन्शन बदललंय, तेव्हा एकाच फाइलीपुरतं शोधत असाल तर जुनं नावही द्या.

मूळ कमिट सापडला की त्याचा मेसेज वाचा. गिटमधल्या कमिट मेसेजची शिस्त मला फार आवडते. आधी काय होतं, ते का पुरत नव्हतं, दुसरे कोणते उपाय विचारात घेतले, असं सगळं तिथे लिहिलेलं असतं. "या ऑप्शनला एकट्यानं अर्थ नाही म्हणून बंधन घालतोय" असं त्यात सापडलं, तर प्रोग्रॅम बिघडलाय. वाक्य आधीचं आणि नंतरच्या एखाद्या कमिटनं ते बंधन मुद्दाम काढलं असेल, तर वाक्य शिळं झालंय.

दुसरा पुरावा टेस्टमध्ये मिळतो. 'टी' फोल्डरमध्ये त्या ऑप्शनचं नाव ग्रेप करा. टेस्टची नावं साध्या इंग्रजी वाक्यासारखी असतात, कोड न वाचता कळतात. तो ऑप्शन एकटा वापरणारी टेस्ट असेल तर ती वागणूक हेतुपुरस्सर आहे असं धरायला जागा आहे. टेस्टच नसेल तर पॅच पाठवण्याऐवजी लिस्टवर प्रश्न विचारा: डॉक्युमेंटेशन असं म्हणतं, प्रत्यक्षात असं होतं, अपेक्षित काय आहे?

शिळ्या वाक्यांचं मोठं उदाहरण म्हणजे गिट २.०, मे २०१४. त्याआधी ऑप्शन न देता गिट पुश केलं (आपलं काम दूरच्या रेपोत पाठवलं) की दोन्हीकडे सारखं नाव असलेल्या सगळ्या ब्रँचेस जात. २.० पासून मूळ सेटिंग 'सिंपल' झालं, म्हणजे फक्त चालू ब्रँच, तीही अपस्ट्रीमचं नाव जुळलं तरच. त्याच रिलीजमध्ये एखाद्या फोल्डरवर गिट ॲड चालवलं की काढून टाकलेल्या फाइलींचीही नोंद व्हायला लागली. त्याआधी लिहिलेलं प्रत्येक वाक्य लिहिताना बरोबर होतं आणि एका दिवसात चुकीचं झालं. गिटनं स्वतःची पानं बदलली, पण जुन्या लेखांत ती वाक्यं अजून फिरत असतात. चूक म्हणजे लिहिणाऱ्याचा निष्काळजीपणा असं धरून चालू नका, आणि कमिट मेसेजमध्येही तसा सूर नको. वाक्य केव्हा आणि कशामुळे खोटं झालं ते सांगा.

एक धोक्याची सूचना. सिनॉप्सिसला, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या वापर-ओळींना हात लावत असाल तर मॅन पेज एकटं बदलून भागत नाही. कमांडला '-एच' दिल्यावर जी मदत दिसते ती सी फाइलीत लिहिलेली असते. दोन्ही जुळतात का हे तपासणारी टेस्ट आहे, ०४५० क्रमांकाची. एक बदललं आणि दुसरं नाही तर ती टेस्ट फेल होते. आधीपासून न जुळणाऱ्या कमांडांची यादी तिथेच वेगळी ठेवलेली आहे. ती यादी छोटी करणं हेही डॉक्युमेंटेशनचं चांगलं काम आहे, कोणाला हवं असेल तर.

वाटसरू

कोरा कागद यांचा प्रतिसाद वाचून मला माझा मुद्दा नीट मांडता येतोय. माझा विरोध छोट्या पॅचला नाही, न तपासलेल्या पॅचला आहे. निळाईंनी तीन पानांवरचा फरक दाखवला, म्हणजे तपासणाऱ्याचं काम त्यांनीच अर्धं केलं. तसं असेल तर जरूर पाठवा. फक्त सरकलेला परिच्छेद आणि 'तरच' चं वाक्य वेगवेगळ्या कमिटमध्ये असू द्या. पहिल्यावर वाद होणार नाही, दुसऱ्यावर चर्चा होऊ शकते, आणि चर्चेसाठी पहिलं अडकून पडायला नको.

सदाफुली

पूर्ण सहमत. मी तर म्हणेन सीरिजही (एकत्र बांधलेले पॅच) करू नका, दोन स्वतंत्र पॅच पाठवा.

निळाई

बरं. पाठवायचं तंत्र सांगाल का? मेलनं पॅच हा प्रकार मला पूर्ण नवीन आहे. मी आजवर फक्त पुल रिक्वेस्ट (संकेतस्थळावरून बदल स्वीकारण्याची विनंती) केल्या आहेत.

दीपस्तंभ

दोन वाटा आहेत. सरळ वाट म्हणजे गिट फॉरमॅट-पॅचनं कमिटची मेल फाइल करायची आणि गिट सेंड-ईमेलनं लिस्टवर पाठवायची. साध्या मेल प्रोग्रॅममध्ये पॅच चिकटवू नका, तो ओळी मोडतो आणि टॅबचे स्पेस करतो, मग पॅच लागत नाही. लिस्टला एचटीएमएल मेलही चालत नाही, सर्व्हर ती परत पाठवतो.

तुमच्यासाठी दुसरी वाट सोपी: गिटगिटगॅजेट. गिटहबवर गिटच्या रेपोला पुल रिक्वेस्ट करायची. पहिल्यांदा येणाऱ्याला आधी परवानगी लागते, आधीच परवानगी असलेला कोणीही तिथे 'अलाउ' अशी कॉमेंट करून ती देऊ शकतो. मग तुम्ही 'सबमिट' अशी कॉमेंट केलीत की बॉट तुमच्या कमिटचे मेल करून लिस्टवर पाठवतो. लिस्टवरची उत्तरं पुल रिक्वेस्टवर येऊन दिसतात, पण तुम्ही पुल रिक्वेस्टवर लिहिलेलं उत्तर लिस्टवर जात नाही. तपासणाऱ्याला मेलनंच उत्तर द्या, नाहीतर त्याला वाटेल तुम्ही दुर्लक्ष करताय.

कमिट मेसेजचा मथळा: आधी विभागाचं नाव, कोलन, मग थोडक्यात काय केलं. कोलननंतरचं अक्षर लहान, शेवटी पूर्णविराम नाही, आणि जमेल तितकं ५० अक्षरांच्या आसपास. खाली कारण. आज्ञार्थी लिहायचं, म्हणजे "अमुक दुरुस्त कर" अशा धाटणीत, "मी दुरुस्त केलं" असं नाही.

शेवटी साइन्ड-ऑफ-बायची ओळ. कमिट करताना '-एस' दिलं की ती आपोआप येते, इथे एस लहान लिपीतला. ती ओळ म्हणजे 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' वर तुमची सही: हा बदल देण्याचा मला हक्क आहे आणि तो प्रकल्पाच्या परवान्याखाली जाईल हे मान्य आहे. लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली ही पद्धत आली, गिटनं तीच घेतली. एका चिन्हाच्या बदलालाही ती लागते. ओळख लपवून सही चालत नाही.

मूळ ब्रँच: ज्या सर्वांत जुन्या मुख्य ब्रँचला तो बदल लागू आहे ती घ्या. चूक मेंटवर असेल तर मेंटवरून. मग उत्तराची शांतपणे वाट बघा. जुनिओ हामानो २००५ पासून मेंटेनर आहेत, ते 'व्हॉट्स कुकिंग' या नावानं चालू विषयांचा अहवाल नियमित लिस्टवर टाकतात. तुमचा विषय त्यात दिसला की पुढे काय होणार तेही तिथेच कळतं.

गोकर्ण

हे सगळं गिटबद्दल झालं. मी मर्क्युरिअल हा दुसरा व्हर्जन कंट्रोल प्रोग्रॅम वापरतो. तिथेही असाच फोल्डर आहे का?

कोरा कागद

मर्क्युरिअलमध्ये कमांडची मदत पायथन कोडमध्येच, त्या कमांडच्या फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनमध्येच लिहिलेल्या वर्णनात) असते. म्हणजे मजकुराची दुरुस्ती ही कोड फाइलीतली दुरुस्ती होते. फायदा असा की वागणूक आणि तिचं वर्णन एकाच नजरेत दिसतं. वेगळे मदत-विषय मात्र मजकूर फाइलींत आहेत.

अर्धविराम

याच ओघात एक सांगून ठेवतो, कारण यात घोटाळा होतो. गिटच्या संकेतस्थळावर दिसणारी मॅन पेजेस मूळ गिट रेपोतून येतात, तेव्हा त्यांची दुरुस्ती लिस्टवर. तिथेच 'प्रो गिट' पुस्तक वाचायला मिळतं, पण त्याचा रेपो निराळा आहे, त्याची चूक त्या रेपोत साध्या पुल रिक्वेस्टनं पाठवायची. संकेतस्थळाचा मेनू, शोध, मोडकी लिंक यासाठी संकेतस्थळाचा तिसरा रेपो. अनुवादित मॅन पेजेसचा आणखी वेगळा प्रकल्प आहे. आणि प्रोग्रॅम चालताना दिसणारे संदेश डॉक्युमेंटेशनमध्ये मोडतच नाहीत. त्यातलं एक अक्षर बदललं तरी सगळ्या भाषांतल्या भाषांतरकारांना ती ओळ पुन्हा बघावी लागते, आणि तो संदेश जशाच्या तसा शोधणारी टेस्टही मोडू शकते. तिथे हात घालण्याआधी ग्रेप करा.

निळाई

कळवते. परिच्छेदाचा पॅच मेंटवरून करून गिटगिटगॅजेटमार्फत पाठवला. तपासणाऱ्यांपैकी एकांनी उत्तर दिलं की दोन्ही इंजिनांवर पान कसं दिसतं ते मेसेजमध्ये लिहावं. डॉक-डिफ दोन्हींवर चालवलं होतंच, ते लिहून दुसरी आवृत्ती पाठवली.

तिसऱ्या चुकीचा इतिहास सापडला. वाक्य मूळ ऑप्शन आला तेव्हाचं आहे. नंतरच्या एका कमिटनं बंधन मुद्दाम काढलंय, मेसेजमध्ये कारणही दिलंय, आणि एकट्या ऑप्शनची टेस्ट त्याच कमिटमध्ये आहे. तिथे डॉक्युमेंटेशनला हात लावायचं राहून गेलं. कमिट मेसेजमध्ये त्या जुन्या कमिटचा उल्लेख कसा करायचा? नुसता हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) पुरेल?

दीपस्तंभ

नुसता हॅश नको, वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी उघडून बघावं लागतं. छोटा हॅश, पुढे गोल कंसात मथळा आणि तारीख, असा रिवाज आहे. हाताने लिहू नका: गिट शोला '-एस' आणि प्रिटी फॉरमॅटमध्ये 'रेफरन्स' द्या, तयार ओळ मिळते.

आणि तिसऱ्या चुकीच्या पॅचमध्ये नुसतं "एकटा दिला तरी लागू होतो" एवढंच लिहिणार असाल तर एक बघा. दोन्ही ऑप्शन सोबत दिल्यावर काही वेगळं होतं का? होत असेल तर तेही वाक्यात यायला हवं, नाहीतर जुन्या वाचकाला वाटेल सोबत देणं आता निरर्थक झालं.

निळाई

हो, होतं वेगळं. सोबत दिले की क्रम बदलतो, टेस्टमध्येही तसंच आहे. वाक्य दोन भागांत लिहिते: एकट्यानं काय, सोबत काय. डॉक-डिफ चालवून आज रात्री पाठवते, लिस्टवर लिंक आली की इथे देते.